शेजारच्या घरातली लोकशाही

आमच्या शेजारचे सदाआबा चहा मागत नाहीत, चहावर मतदान घेतात. "गुळाच्या बाजूनं कोन कोन? हात वर करा." आम्ही हातातली कामं टाकून हात वर करतो आणि शेवटी सासूबाईंच्या मनात असतो तोच चहा होतो.

आबा शाळेत शिपाई होते. प्रत्येक निवडणुकीत त्यांची ड्यूटी आंदर मावळातल्या कुठल्या तरी लांबच्या केंद्रावर लागायची. मतदानाचं सामान घेऊन डोंगर चढणं हा त्यांच्या आयुष्यातला मोठा पराक्रम, आणि तो आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. निवृत्त झाल्यावर ते टीव्हीवर जगाच्या बातम्या बघू लागले. कुठला तरी बडा देश दुसऱ्याच्या देशात लोकशाही आणायला रणगाडे घेऊन निघाला, की आबा आमच्या ओट्यावर हजर.

"बाहेरून आनावीच लागती," ते म्हणायचे. "भाताचं रोप एका वाफ्यात वाढतं, लावनी दुसऱ्या खाचरात. येतं का न्हाई पीक?"

"येतं की," सासूबाई म्हणायच्या. "पन चिखल कोन करतं? खाचर ज्याचं हाय तोच."

मग आबांनी सरळ आमच्याच घरात लोकशाही आणायचं ठरवलं. तशी गरज होती, हे मी नाकारणार नाही. सासूबाईंचा कारभार एकहाती. भाजी कोणती, दळण कधी, लोणावळ्याला कोणी जायचं, कोणी किती वाजता उठायचं, सगळं त्याच सांगणार. मी पडले सून. मनातल्या मनात मी आबांना केव्हाच पाठिंबा दिला होता.

एका रविवारी आबा चिक्कीचा रिकामा डबा घेऊन आले. झाकणाला चीर पाडलेली. सासरे, नवरा, दीर, मी, अशा सासूबाईंसकट आम्हा पाच जणांना त्यांनी एकेक चिठ्ठी दिली. "घर कुनी चालवायचं, ते ठरवायचंय. आपापलं मत लिवा आन् डब्यात टाका. गुप्त हाय, घाबरू नका." शाई नव्हती म्हणून आमच्या बोटांना काजळ लावलं.

मोजणी ओट्यावर झाली. पहिली चिठ्ठी, 'आमटीत मीठ कमी टाका.' दुसरी दिराची, 'गाडीची चावी मलापण मिळावी.' तिसरी, 'सकाळी सहाला हाक मारू नये.' ही माझी. चौथी सासऱ्यांची, 'तंबाखूवरून बोलू नये.' मत लिहा म्हटल्यावर आम्ही प्रत्येकानं मनातलं मत लिहिलं होतं. नाव कुणीच लिहिलं नव्हतं. सासूबाईंच्या चिठ्ठीवर होतं, 'सदाभावजी लय वाळलेत.'

आबांनी ती चिठ्ठी जरा जास्त वेळ हातात धरली. मग म्हणाले, "पाचच्या पाच बाद."

सासूबाईंनी मात्र सगळ्यांची अक्षरं ओळखली. दुसऱ्या दिवसापासून आमटी खारट लागेना, दिराला गाडीची चावी मिळाली आणि मला साडेसहाला हाक येऊ लागली. तंबाखूवरचं बोलणं तेवढं चालू राहिलं.

मग एका दुपारी आबा आले, ते चहाचं मतदान न घेताच ओट्यावर बसले. पुण्यात राहणारी त्यांची मुलगी, मुलगा आणि सून यांनी व्हिडिओ कॉलवर बैठक घेतली होती. आबांनी इथलं टाकव्याचं घर बंद करून पुण्याच्या फ्लॅटवर राहायला यावं, असा ठराव. तीन विरुद्ध एक.

"रीतसर मतदान झालं, वैनी. आता हरकत कशी घेऊ?"

"पन तुमाला जायाचंय का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ही गेल्यापासनं घरात मी एकला. मत इचारायचं तरी कुनाला? तुमच्यात पाच मानसं हायती म्हून येतो. तितं तुमी कुटं असनार?"

इतकी वर्षं मी ह्या माणसाला हसत आले, याची मला लाज वाटली.

सासूबाईंनी मला आबांच्या मुलाला फोन लावायला लावला. "संतोष, आबा हितंच ऱ्हानार."

"काकी, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. त्यांच्या काळजीपोटीच."

"काळजी हाय तर येत जा, भेटत जा. तितं बसून हितलं ठरवू नका. सांच्याला ते आमच्यात जेवतील." त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आबांकडे वळल्या. "आजपासनं. मी इचारत न्हाई, सांगतीय."

आबा "व्हय" म्हणाले. डोक्यावरची टोपी काढली, तिनंच डोळे पुसले. मी आत जाऊन पीठ एका माणसापुरतं जास्त मळलं.