कौतुकाला भिणारे शमुवेलनाना

पाळकसाहेब डोळे मिटून, हात वर करून शेवटचा आशीर्वाद देतात. मंडळी ‘आमेन’ म्हणते. आम्ही डोळे उघडतो, तोवर शमुवेलनाना बाजूच्या दारातून निसटून, चपला हातात घेऊन अंगणातल्या कडुलिंबापलीकडे पोचलेले असतात. माणूस सत्तरीचा. गुडघे धरलेले. एरवी दोन पायऱ्या चढताना मध्ये थांबून श्वास घेतात, पण रविवारी पळताना कुठून बळ येतं कोण जाणे.

कारण एकच. उपासना संपली की लोक दारात एकमेकांना सलाम करतात, हातात हात घेतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, “नाना, काय गायलात आज.” या वाक्याला नाना विंचवाला भ्यावं तसे भितात.

जळगावच्या आमच्या छोट्या मंडळीचं गायक मंडळ नानांनी उभं केलं. मी तिथे पेटी वाजवते. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पेटी येते हे माझ्या सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं, आणि नानांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, “कोणासाठी वाजवतेस?” मी घाबरून म्हटलं, “सासूबाईंसाठी.” नाना म्हणाले, खरं बोललीस, आता हळूहळू सुधारू.

नाना मूळचे साक्रीकडचे. सगळी उमर डाळ मिलमध्ये फिटर म्हणून गेली. बोलायचे शहरी मराठी, पण रागावले की अहिराणी वर यायची. मग ‘कोणासाठी’चं ‘कोनासाठे शे हाई?’ व्हायचं आणि आम्ही समजायचो की आता काही खरं नाही. शनिवारच्या तालमीत ते हा प्रश्न सगळ्यांना विचारायचे. रूथने उगाच एक तान घेतली, कोणासाठी? जॉनने गॉगल डोक्यावर चढवला, कोणासाठी? गायक मंडळाला त्यांनी समोर उभं राहू दिलं नाही. खांबाच्या आडोशाला, भिंतीला चिकटून उभं करायचे. म्हणायचे, गाणं ऐकायचं असतं, बघायचं नसतं. माझी एक लांबची नणंद वर्षभर येत होती आणि आमच्याकडे टेपवर गाणी लावतात असं समजत होती.

एका ईस्टरला आमच्या दीपकने तबल्यावर अशी झकास तिहाई घेतली की पुढच्या बाकावरची माणसं माना डोलवायला लागली. नानांनी भर उपासनेत गाणं थांबवलं. नानांनी विचारलं, ही कोणासाठी होती? दीपक प्रामाणिक पोरगा. म्हणाला, “सासऱ्यांसाठी, नाना. भुसावळहून आलेत.” पाळकसाहेबसुद्धा हसले. नाना हसले नाहीत. “सासरे ऐकून झाले. आता देवासाठी वाजव,” म्हणाले, आणि तेच कडवं पुन्हा घ्यायला लावलं. गंमत म्हणजे दुसऱ्या वेळी दीपकने जास्त चांगलं वाजवलं.

एकदा कोणीतरी आमच्या गाण्याचा व्हिडिओ मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. नानांनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं आणि विचारलं, यात देवाचा अंगठा कोणता?

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. बिनसलं ते धुळ्याला.

आसपासच्या मंडळ्यांचा गायनाचा मेळावा तिथे होता आणि सगळ्यात चांगल्या गायक मंडळाला ढाल मिळायची होती. नाना जायलाच तयार नव्हते. देवाच्या गाण्याला नंबर कसले, म्हणाले. पण पोरांची फार इच्छा होती. एवढ्या वर्षांत आम्हाला खांबाशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. दीपकने त्यांची मनधरणी केली, मीही केली. शेवटी नाना आले. पारोळा येईपर्यंत गाडीच्या खिडकीकडे तोंड करून बसले.

आणि त्या दिवशी आम्ही गायलो. असं गायलो की माझी बोटं पेटीवर आपोआप चालत होती आणि रूथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाणं संपलं. तेवढ्यात बाहेर मोटारी थांबल्या. प्रमुख पाहुणे, ज्यांच्या हस्ते ढाल द्यायची होती, ते तासभर उशिरा येत होते. संयोजक धावत आमच्याकडे आले. साहेबांनी ऐकलं नाही, हेच गाणं पुन्हा घ्या, म्हणाले. ढाल आमच्याकडे चालत आली होती.

नानांनी पेटीचं झाकण हळूच लावलं. माझी बोटं अजून पट्ट्यांवर होती, ती मला काढून घ्यावी लागली.

“ज्याच्यासाठी गाणं होतं, तो वेळेवर आला होता,” नाना म्हणाले. “त्याने ऐकलं.”

ढाल दुसऱ्यांना मिळाली. परतीच्या गाडीत रूथ पुन्हा रडत होती, पण आता वेगळं.

पुढच्या आठवड्यात सगळे दीपकच्या घरी जमलो, नानांना न कळवता. कोणी वाईट बोललं नाही. नानांचं वय झालं, त्यांना विश्रांती हवी, असं सगळे फार प्रेमाने म्हणाले. दीपकने प्रमुख व्हावं असं ठरलं. मला ते पटत नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, पोहे गरम होते, वातावरण गोड होतं. मी मान हलवली. वर निरोप सांगायचं कामही माझ्याकडेच आलं.

नाना तेव्हा चर्चच्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते. मी अडखळत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तेलाची बाटली बंद केली. कोणाकोणाचं मत पडलं हे विचारलं नाही. “बरं,” म्हणाले. “पेटीचा वरचा सा दबतोय, तेवढा दाखवून घे.”

त्यानंतर ते शेवटच्या बाकावर बसून मंडळीबरोबर गायला लागले. आम्ही खांबाआडून बाहेर आलो. माइक आले, सारख्या रंगाचे कपडे आले, गाणं संपल्यावर टाळ्याही सुरू झाल्या. सगळं चांगलं चाललं होतं. नाना मात्र अजूनही ‘आमेन’बरोबर पळत होते. आता त्यांचं कौतुक करायला कोणी येणार नव्हतं, तरी पळत होते.

असेच काही महिने गेले. मग एका रविवारी मी पेटीवर दोनदा सपशेल चुकले. बाहेर आल्यावर तिघीजणींनी हात हातात घेऊन सांगितलं, किती सुंदर वाजवलंत. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना कळलंच नव्हतं. मला एकाएकी फार एकटं वाटलं. मी घरी न जाता रिक्षा केली आणि पिंप्राळ्याला नानांकडे गेले.

दार उघडंच होतं. नाना गॅसपुढे उभे राहून भाकरी भाजत होते. मला पाहून दचकले. “कोण गेलं?” त्यांनी विचारलं. रविवारी दुपारी त्यांच्याकडे असं कोणी येत नसावं.

कोणी गेलं नाही म्हटल्यावर त्यांनी मला जेवायला बसवलं. वरण, भाकरी, मिरचीचा ठेचा. जेवताना मी विचारलं, “नाना, तुम्ही का पळता?”

“आवडतं म्हणून,” ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी धुळ्याच्या मंडळीत ते गायचे तेव्हा बाहेरची माणसं खिडक्यांशी उभी राहून ऐकायची. नाना डोळे मिटून गायचे आणि पापण्यांच्या फटीतून कोण रडतंय ते मोजायचे. हे फक्त एका माणसाला कळलं, त्यांच्या बायकोला. रत्नमालाकाकूंना मी ओळखत होते. अबोल बाई. त्यांनी घरी येऊन नानांना सांगितलं की तुमच्या गाण्याने लोक रडतात, पण तुम्ही त्यांच्या रडण्यावर जगता. तेव्हापासून नाना पळायला लागले. काकू सगळ्यांना सलाम करत मागून सावकाश घरी यायच्या आणि जेवताना, कुठे चुकलं तेवढंच सांगायच्या.

“एवढी वर्षं संसार केला, कधी चांगलं म्हणाली नाही,” नाना म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. “ज्याच्यासाठी गातो तो ऐकतो, त्याची मला शंका नाही. पण तो काही बोलत नाही ना, माय. ती बोलायची.”

काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

माझ्या जिभेवर एक गोड वाक्य आलं होतं. तुमचा आवाज अजून तसाच आहे, असं काहीतरी. मी ते गिळलं.

“नाना, आज तिसऱ्या कडव्यात तुम्ही सुराच्या खाली उतरलात,” मी म्हटलं. “आणि शेवटची ओळ गायलीच नाहीत.”

त्यांचा घास हातातच राहिला.

“मागच्या बाकावरचं ऐकू येतं तुला?”

“येतं.”

“उतरलो खरा,” नाना म्हणाले. “दम पुरेना.” मग मी नको म्हणत असताना त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं, आणि पाट ओढून माझ्याजवळ सरकून बसले. “सावकाश जेव. आणखी कुठे कुठे चुकलं ते सांग.”