न्हाणीच्या दारावरून उत्तर ध्रुवाकडे

खोबरेल तेल, दोन डबे.

"एक्केचाळीस दिवस." मेधाच्या प्रत्येक पत्रात, सहीच्या खाली, एवढंच.

सलुकी जातीचा कुत्रा शिकार नजरेने हेरतो. वास घेत बसत नाही. ससा आणि मांजर यांत तो फारसा फरकही करत नाही.

प्रश्न अकरावा : बर्फाचा अनुभव आहे काय? असल्यास किती?

तळलेला बांगडा, कागदात गुंडाळलेला.

न्हाणीचं दार. निळं. कडी पितळेची.

हे सगळं गुरुप्रसाद नेवरेकर या एकाच माणसाच्या बोकांडी कसं बसलं ते सांगायचं, तर बहरीनमध्ये, मनामातल्या अहमदच्या ट्रॅव्हल ऑफिसात जायला हवं. साल १९८३, डिसेंबर महिना. अहमद वर्षानुवर्षं मुंबईची नि मक्केच्या उमरा-यात्रेची तिकिटं विकत आला होता. पण त्या वर्षी पोस्टाने त्याच्याकडे एक चकचकीत माहितीपत्रक आलं. त्यावर पांढराशुभ्र बर्फ, कुत्र्यांनी ओढलेल्या गाड्यांची शर्यत आणि वर आभाळभर हिरवा उजेड. अहमदने ते दोन दिवस उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी काचेवर जाहिरात चिकटवली : 'फिनलंड! कुत्र्यांची शर्यत! नॉर्दर्न लाइट! गाइडसह!'

उन्हाळ्यात सहा महिने भाजून निघालेली माणसं बर्फाच्या नुसत्या चित्रावरही भाळतात. आठवड्यात अकरा जणांनी नावं दिली. सगळं जमलं. राहिला फक्त गाइड.

"गुरु, तुम लीडर," अहमद म्हणाला.

"मी? मैं? अहमदभाई, मैं तो तिकिटं लिखता है."

"लीडर का सॅलरी ज्यादा. सॅलरी ज्यादा तो फॅमिली व्हिसा. वाइफ आएगा. खलास."

गुरुप्रसादने हातातलं पेन खाली ठेवलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत, दोन रजा मिळून, नवरा-बायको एकत्र राहिले होते ते एक्केचाळीस दिवस. हिशेब मेधाचा होता, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच नव्हता. फॅमिली व्हिसासाठी पगाराची जी पायरी लागते तिच्या बरोब्बर एक पायरी खाली गुरुप्रसाद तीन वर्षं उभा होता.

"फॉर्म कुठाय?" त्याने विचारलं.

फॉर्म फिनलंडच्या सहल कंपनीकडून आला होता. गुरुप्रसाद खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. त्याने प्रत्येक प्रश्नावर नीट विचार केला. 'बर्फाचा अनुभव?' ऑफिसच्या खाली मासळीचं दुकान होतं आणि तिथे सकाळी बर्फाच्या लाद्या उतरत. त्याने लिहिलं : 'होय. रोज.' 'कुत्र्यांचा अनुभव?' पोटरीवरचा व्रण अजून दिसत होता. 'होय. लहानपणापासून.' 'घसरगाडी चालवली आहे काय?' रत्नागिरीला मामाच्या बागेत पोफळीच्या विरीवर, गळलेल्या झावळीच्या रुंद बुडावर, बसून तो उतारावरून घसरत असे. 'होय. मुख्यतः उतारावर.'

फॉर्म गेला. आठ दिवसांनी टेलेक्स आला. अशी उत्तरं आम्हाला प्रथमच वाचायला मिळाली, म्हणून आमच्या आइनोबाई शनिवारी बहरीनला येऊन तुमच्या गाइडला प्रत्यक्ष पाहतील, असं त्यात लिहिलं होतं.

"तुका कुत्रो दिसलो तर तू रस्तो बदलतंस," विठ्ठल म्हणाला. विठ्ठल सावंतवाडीचा, विमानतळावर लोडर. मुहर्रकच्या एका जुन्या घरात वरच्या खोलीत दोघे मिळून राहत. "आणि तू कुत्र्यांची गाडी हाकतलंस?"

"अजून तीन दिवस आहेत. शिकेन."

"कोणाकडसून?"

तेवढ्यात खालून भुंकण्याचा आवाज आला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाली घरमालकीण खदिजाबाई राहत, आणि त्यांचा धाकटा भाऊ हुसेन याने शिकारीचे पाच सलुकी पाळले होते. उंच, हडकुळे, लांब तोंडाचे. दिवसभर ते अंगणात कंटाळलेल्या पाहुण्यांसारखे पडून असत. गुरुप्रसाद तीन वर्षं त्यांच्या डोक्यावर राहत होता आणि तीन वर्षं जिना उतरताना चपला हातात घेत होता.

हुसेन आनंदाने तयार झाला. असलं काही बघायला तो पैसेसुद्धा द्यायला तयार होता. पट्ट्या विठ्ठलने आणल्या, विमानतळावर मोडक्या बॅगांना बांधतात त्या. राहिली गाडी. अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून एक निळं दार ठेवलेलं होतं, जुन्या न्हाणीचं. हलकं, रुंद, वर धरायला पितळेची कडी.

"खाला, हे दार एक दिवसापुरतं नेऊ का?" गुरुप्रसादने मोडक्या हिंदीत, त्याहून मोडक्या अरबीत आणि शेवटी हातवारे करून विचारलं.

खदिजाबाईंनी दाराकडे पाहिलं, गुरुप्रसादकडे पाहिलं आणि 'ने' अशा अर्थी हात हलवला.

"उद्या संध्याकाळी परत आणतो. आहे तस्सं."

"इंशाल्ला," खदिजाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नेवरेकरांच्या घरात शेजारून वाटीभर साखर आणली तरी वाटी परत करताना घासूनपुसून, वर काहीतरी घालून देत. गुरुप्रसादची आई सांगे, दुसऱ्याची वस्तू हातात असली की आधी ती सांभाळायची, मग स्वतःला. आई हे भांड्यांबद्दल सांगत होती. दारांचा विषय तिच्यासमोर कधी आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी बुसैतीनच्या किनाऱ्यावर ओहोटी लागलेली होती. चिखल लांबवर आरशासारखा चमकत होता. विठ्ठलने दाराच्या खालच्या बाजूला दोन डबे खोबरेल तेल चोपडलं. हुसेनने पाची कुत्रे पट्ट्यांना जुंपले. गुरुप्रसाद दारावर गुडघे टेकून बसला, कडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाला, "चला."

कुत्रे बसले.

"यल्ला!" हुसेन ओरडला. कुत्रे आडवे झाले. अर्धा तास गेला. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. शेवटी विठ्ठलने स्वतःच्या न्याहारीचा तळलेला बांगडा काढला आणि त्यांच्या नाकासमोर नाचवला. कुत्र्यांनी बांगडा खाल्ला आणि पुन्हा डोळे मिटले.

"फिनलंडचे कुत्रे शिकलेले असतील," गुरुप्रसाद हताशपणे म्हणाला. "हे आपले..."

पण बांगड्याचा वास किनाऱ्यावर पसरला होता, आणि तो एका उलट्या ठेवलेल्या होडीखाली पोचला होता. होडीखालून एक पिवळी मांजर बाहेर आली. तिने मासा शोधायला मान वर केली. पाच सलुकींनीही मान वर केली.

पुढचं वाक्य गुरुप्रसादने बोलायला घेतलं ते होडीजवळ आणि संपवलं ते तिथून बरंच पुढे. ते वाक्य 'अरे' एवढंच होतं.

खोबरेल तेलाने आपलं काम चोख बजावलं. दार चिखलावरून असं सुटलं की गुरुप्रसाद गुडघ्यांवरून थेट पोटावर आला. मांजर पुढे, मागे कुत्रे, त्यांच्या मागे दार, दारामागे हुसेन आणि हुसेनमागे धापा टाकत विठ्ठल.

"सोड मेल्या! हात सोड!" विठ्ठल बोंबलत होता.

"दार खदिजाबाईंचं आहे!" गुरुप्रसाद ओरडला.

"खड्ड्यात गेला ता दार!"

"संध्याकाळी परत द्यायचंय!"

किनाऱ्यालगत शुक्रवारच्या सुट्टीचा फुटबॉल रंगला होता. मांजर गोलपोस्टमधून गेली, म्हणून कुत्रेही गेले, म्हणून गुरुप्रसादही गेला. गोलकीपरने सवयीने झेप घेतली. पुढे गल्लीत कहवाखान्यासमोर पाच-सहा म्हातारे बसले होते. त्यांतला एक गुरुप्रसादला ओळखत होता. त्याने हात वर करून सलाम केला आणि गुरुप्रसादने पोटावर पालथं पडून जाता जाता, जमेल तितक्या अदबीने, "वालेकुम सलाम" केलं.

चिखल संपला, वाळू लागली. वाळू संपली, डांबर लागलं. दार आता किंचाळत होतं आणि सगळ्या रस्त्यावर खोबऱ्याच्या वड्या लागल्यासारखा वास सुटला होता. गुरुप्रसादच्या शर्टाची बटणं बुसैतीनमध्ये ठिकठिकाणी राहिली. कडी त्याने सोडली नाही.

विमानतळाच्या रस्त्यावर एक पांढरी मोटार करकचून थांबली. मांजर टुणकन तिच्या टपावर चढली. कुत्र्यांनी मोटारीला वेढा घातला. दार सावकाश घसरत आलं आणि पुढच्या चाकाला टेकून थांबलं.

मोटारीतून अहमद उतरला. त्याच्या मागून एक उंच, गोरी, लोकरी टोपीवाली बाई उतरली.

ही आइनोबाई. टेलेक्समध्ये शनिवार होता, पण तिच्या देशात शनिवारी कामं बंद, म्हणून तिने मुद्दाम एक दिवस आधीचा शुक्रवार गाठला होता. इथे शुक्रवारीच सगळं बंद असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"गुरु," अहमद क्षीण आवाजात म्हणाला, "ये क्या है?"

"प्रॅक्टिस," गुरुप्रसाद दारावरूनच म्हणाला.

बाईने आधी कुत्रे पाहिले. एकेकाचा पाय उचलून पंजे तपासले, पट्ट्या सैल केल्या. मग दाराची खालची बाजू पाहिली. सगळ्यात शेवटी माणूस पाहिला. त्याची बोटं अजून कडीवरच होती.

"कुठून आलात?" तिने इंग्रजीत विचारलं.

गुरुप्रसादने मानेने समुद्राकडे खूण केली. समुद्र तिथून दिसत नव्हता.

"आणि वाटेत सोडलं का नाही?"

अहमद डोळ्यांनी खुणावत होता, काहीतरी चांगलं बोल म्हणून. गुरुप्रसादला मेधाची सही दिसली, सहीखालचा आकडा दिसला. कुत्र्यांशी असलेल्या अतूट नात्याबद्दल एक छान वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण अंगात त्राण नव्हतं, आणि खोटं बोलायला थोडं तरी त्राण लागतं.

"दार माझं नाही," तो म्हणाला. "घरमालकिणीचं आहे. सोडलं असतं तर हरवलं असतं." आणि एवढं बोलून झालंच आहे म्हणून त्याने उरलेलंही सांगून टाकलं. "मी बर्फ पाहिलेला नाही, बाई. मासळीच्या दुकानात पाहिलाय, तेवढाच. कुत्र्यांना मी घाबरतो."

टपावरून मांजरसुद्धा ऐकत होती. बाईने पिशवीतून फॉर्म काढला, मोटारीच्या बॉनेटवर ठेवला आणि काहीतरी लिहिलं.

"मी बारा वर्षं लोकांना गाडी हाकायला शिकवते," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी पहिलं वाक्य सांगते. काहीही होवो, गाडी सोडायची नाही. सोडली की कुत्रे गाडी घेऊन जातात आणि माणूस बर्फात एकटा राहतो. सगळे माना डोलावतात. आणि पहिल्या वळणावर सगळे सोडतात." तिने फॉर्म अहमदच्या हातात दिला. "बारा वर्षांत न सोडणारा हा पहिला."

"आणि बर्फ?" अहमदने चाचरत विचारलं.

"बर्फ नुसता पडलेला असतो. त्यात माहीत असण्यासारखं काय आहे?"

विठ्ठल तेवढ्यात धापा टाकत पोचला आणि शेवटचं वाक्यच ऐकून म्हणाला, "अगदी बरोबर बोललीत, बाई."

दार त्या संध्याकाळी परत गेलं नाही. खालची फळी झिजून पापडासारखी झाली होती. गुरुप्रसादने दुसऱ्या दिवशी रजा काढली, सुताराकडून नवी फळी बसवून घेतली, तोच निळा रंग शोधून दोन हात दिले, कडी चिंचेने घासली आणि दार डोक्यावरून वाहून अंगणात आणलं. रिकामं परत कसं द्यायचं म्हणून वर नारळाच्या वड्यांची बशीही ठेवली. खदिजाबाईंनी दाराकडे बराच वेळ पाहिलं. मग बशीकडे. "माशाल्ला," त्या म्हणाल्या.

व्हिसा फेब्रुवारीत झाला. मेधाचं विमान जिथे उतरलं तिथूनच तासाभरात फिनलंडला जाणारी मंडळी निघाली. दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी अशा वेशातल्या नवऱ्याला तिने काचेपलीकडून ओळखलं नाही. विठ्ठलने बोट दाखवलं तेव्हा ओळखलं. आठ मिनिटं भेट झाली.

"हे एक्केचाळीसमध्ये धरायचं का?" गुरुप्रसादने विचारलं.

"नवीन वहीत लिहिते," मेधा म्हणाली. "लवकर या."

बारा दिवसांनी तो आला, नाकाचा शेंडा सोललेला. विठ्ठल तोवर आपली ट्रंक घेऊन शेजारच्या घरात राहायला गेला होता.

"उजेड दिसला का हो?" चहा ठेवत मेधाने विचारलं.

"चौथ्या रात्री. अर्धं आभाळ हिरवं झालं होतं. आमच्या सहलीतले ते उम्म अल हस्समला राहणारे शरच्चंद्र, बँकेतले, त्यांनी निघण्याआधी फोन करून विचारलं होतं, उजेड जेवणाआधी की नंतर? मी ठोकून दिलं होतं, नंतर. तिथे जेवणं उरकल्यावरच उजेड आला, तर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली."

"आणि शर्यत?"

"शेवटून दुसरा आलो. पण गाडीसकट."

मेधा हसली. मग म्हणाली, "बरं, ते न्हाणीच्या दाराचं बघा. खदिजाखालांनी मी आले त्याच आठवड्यात आपल्याकडे नवं बसवून दिलं, निळं. फार प्रेमाने दिलंय हो. पण कडी बसत नाही. सोडली की दार उघडतं. आत गेलं की धरूनच बसावं लागतं."

गुरुप्रसादने उठून दार पाहिलं. कडीवरून हात फिरवला.

"मग सोडू नकोस," तो म्हणाला.

हे तेच दार, गुरुप्रसादने मागण्याआधी, खदिजाबाईंनी नोव्हेंबरातच, पुतणीच्या लग्नात बिर्याणीच्या देगीखाली जाळायला म्हणून, अंगणात काढून ठेवलेलं होतं.