पपईसकट खोली

माझ्या सासूबाईंनी, दोन्या चोलेंनी, लग्नानंतर मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. पाहुण्याला वाऱ्याची हमी द्यायची नाही. आणि सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, रोस्का कापायच्या आधी तिच्या पोटात बोट घालायचं नाही. मी दोन्हींवर मान डोलावली आणि दोन्ही सोडून दिल्या. मी ला पासच्या कॉलेजातून पर्यटनाची पदवी घेतलेली बाई. वारा आणि पाव यांच्याबद्दल मला कोण शिकवणार!

गेल्या हिवाळ्यात मी परसातली जाळी ठेवायची खोली रिकामी करून भाड्याने द्यायचं ठरवलं. उत्तरेचा वारा सुटला की आमच्या ला व्हेन्तानाच्या किनाऱ्यावर दोन जमाती उतरतात. एक विंडसर्फिंगवाले, म्हणजे फळीवर शीड उभं करून पळणारे. दुसरे काइटबोर्डिंगवाले, म्हणजे पतंगाला लोंबकळून उडणारे. आम्ही त्यांना शीडवाले आणि पतंगवाले म्हणतो. दोघंही थंड मुलखातले, दोघंही उन्हाने भाजून कोळंबीच्या रंगाचे झालेले, आणि दोघंही एकमेकांना वाट अडवणारे समजतात. त्यातले पैसेवाले टेकडीवर उतरतात. उरलेल्यांसाठी मी काटकसरीची हिवाळी सहल आखली: खोली, दोन वेळचं जेवण, आणि समुद्रात वाहून गेलात तर परत आणायला माझा नवरा चेमा, स्वतःच्या होडीसकट.

खोली चालली तर चेमा घरी राहणार होता. नाही चालली तर दक्षिणेला हॉटेलांच्या गावी नोकरीला जाणार, आणि आमची अब्रिल, जेमतेम पावलं टाकू लागलेली, बापाला फक्त रविवारी बघणार. मला तर डोळ्यांसमोर दिसायचंच की तो रविवारी दारात उभा आहे आणि पोर त्याला मासळीवाला समजून रडतेय. माझा स्वभावच काळजीचा. अब्रिल झोपली की ती श्वास घेतेय ना ते बघते, आणि घेत असली की इतक्या जोरात का घेतेय याची काळजी करते.

पहिला पाहुणा मिळाला तो कॅनडातल्या गिमली गावचा. लॉर्न त्यांचं नाव. जन्मभर लोकांच्या पियानोंचे सूर लावून निवृत्त झालेले, एकटे. गावाला मोठं तळं आहे, पण हिवाळ्यात ते दगड होतं. बर्फ नसलेल्या जानेवारीत एकदा तरी शीड धरायचं, एवढीच त्यांची इच्छा. मी आखणी पाठवली आणि त्यांचे प्रश्न सुरू झाले. अंडं स्वतः उकडलं तर चालेल का? कोंबडे पाचच्या आधी आरवतात की नंतर? मी लिहिलं, "आधी. आणि नंतरही." मग विचारलं, "वारा रविवारी असतो का?"

मी लिहिलं, "वारा रोज असतो. माझी हमी."

ते सणाच्या आदल्या दिवशी आले. सोबत शीड, फळी आणि स्वतःची किटली. असा सणसणीत वारा होता की आल्या आल्या पाण्यात उतरले आणि संध्याकाळी लहान मुलासारखे दात वाजवत, हसत बाहेर आले. ओले रबरी बूट त्यांनी स्वयंपाकघरामागच्या कठड्यावर वाळत ठेवले. एकटा माणूस स्वतःच्या किटलीत एकच अंडं उकडतो, ते कसं लागत असेल, याचा विचार करत मी खिडकीतून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी रोस्का आली. रोस्का म्हणजे कढईएवढा गोल गोड पाव, वर साखरेत घोळवलेली फळं, आणि पोटात दडवलेलं बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं बाळ. लहान लेकरांना मारायला निघालेल्या हेरोद राजापासून लपवलेला बाळ येशू तो. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्याने कॅन्डेलारियाच्या दिवशी, दोन फेब्रुवारीला, सगळ्यांना तमाले, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेलं सारण भरलेलं पीठ, खाऊ घालायचे.

आता अब्रिलबद्दल सांगते. तिला दिसलेली प्रत्येक वस्तू ती तोंडात घालते. वाळू, चपलेचा अंगठा, एकदा जिवंत खेकडा. (खेकडाच जास्त घाबरला होता.) आणि या पोरीच्या ताटात मी पेराएवढं प्लास्टिक ठेवू? सगळे अंगणात असताना मी रोस्का उलटी केली, खालून सुरीने खाच पाडली आणि बोट घालून बाळ बाहेर काढलं. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "पोरी, सुरी कुठंय?"

हातात बाळ, समोर खिडकी, खिडकीपलीकडे कठडा. बाळ बुटात गेलं. रात्री काढून घेऊ म्हटलं.

रोस्का कापली. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला, पावाचा चुरासुद्धा उरला नाही. बाळाचा पत्ता नाही. सगळे एकमेकांच्या गालांकडे बघू लागले. तमाले चुकवायला बाळ गिळणारं माणूस आमच्याकडे दर वर्षी एखादं तरी निघतं. तेवढ्यात लॉर्न यांच्या तोंडात साखरेचा खडा आला. कट्! त्यांनी डोळे मिटले, मोठा घोट घेऊन तो गिळला आणि म्हणाले, "छान."

"गिळलं," सासूबाई म्हणाल्या.

"साखर असेल हो," मी म्हटलं.

"साखर असा आवाज करते? चौकशा करून करून आला ना तो, स्वस्तात स्वस्त काय म्हणून? तमाल्यांचा खर्च वाचवला मेल्याने." मग त्यांनाच दया आली. "पण या वयात प्लास्टिक पचायचं कसं?"

बोलायची वेळ तीच होती. पण सासूबाईंनी पुढे हेही सांगितलं की शेजारणीच्या सुनेने एकदा असंच बाळ काढलं होतं, आणि लेकराला लपलेल्या जागेतून बाहेर ओढणं हे हेरोदाचं काम. मी अब्रिलचं तोंड पुसत बसले. ते स्वच्छच होतं.

रात्री कठड्यापाशी गेले तर बूट नाहीत. लॉर्न ते खोलीत घेऊन गेले होते. आणि सकाळी उठून बघते तर वारा नाही. समुद्र सुपात पसरलेल्या पिठासारखा सपाट. पतंगवाले वाळूवर पत्ते खेळत होते.

आरोग्य केंद्रातली नर्स रोसाउरा आली, पाहुण्याकडे लांबून बघितलं आणि म्हणाली, "घाबरू नका. पपई द्या." तेवढंच पुरलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं, संध्याकाळपर्यंत ओट्यावर पपयांचा ढीग. किराणावालीने पाठवली, पाद्र्यांनी पाठवली, चेमाशी तीन वर्षं न बोलणाऱ्या त्याच्या चुलतभावाने दोन पाठवल्या.

"या सणाला पपई खातात का?" लॉर्न यांनी कुतूहलाने विचारलं.

"पाहुण्यांनी खायची असते," मी म्हटलं. काय करणार?

ते निमूट खात. दुसरीकडे वारा येईना. सकाळी ते किनाऱ्यावर जाऊन तारेच्या खांबाला कान लावत. वारा यायच्या आधी तार सूर धरते म्हणे. गावाने त्यांचं नाव लोरेन्सो करून टाकलं होतं, आणि वाटेत जो भेटेल तो काळजीने विचारायचा, "काय लोरेन्सो, आलं का?"

"अजून नाही," ते आमच्या भाषेत, मोडकंतोडकं, खिन्नपणे सांगत. "पण उद्या नक्की येईल असं वाटतंय."

"जोर लावू नका हं," लोक म्हणत.

चेमाने बॅग माळ्यावरून काढून खाली ठेवली. अब्रिल त्या बॅगेत बसून खेळायची, आणि मी तिला उचलून बाहेर काढायचे. पहिलाच पाहुणा सपाट समुद्र बघून परत गेला, तर दुसरा कशाला येईल? मी बूट शोधायला दोनदा त्यांची खोली झाडली. दोन्ही वेळा ते आतच, हातात पपई.

आठवड्याने पहाटे तार वाजली. लॉर्न पायजम्यावरच रस्त्यावर धावले. "आला! आला!"

घराघरांतून माणसं बाहेर आली. कुणी टाळ्या वाजवल्या. रोसाउराने हात जोडून आभाळाकडे बघितलं.

मी बुटांसाठी मागून धावत होते, पण ते शीड घेऊन कधीच पाण्यात गेले होते. दुपारी बाहेर आले तेव्हा किनाऱ्यावर अर्धं गाव जमलं होतं, आणि लॉर्न यांच्या छातीवर, मासे धरायच्या दोऱ्याला बांधलेलं, पेराएवढं बाळ लोंबत होतं.

सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. मग हळूच विचारलं, "धुतलंय ना?"

मी मान खाली घालून भाषांतर केलं.

"समुद्रात सकाळभर," लॉर्न आनंदाने म्हणाले. "बुटात सापडलं. कुणीतरी वाऱ्यासाठी आशीर्वाद म्हणून ठेवलं असणार." आणि त्यांनी माझ्याकडे असं प्रेमाने बघितलं की मला वाळूत शिरावंसं वाटलं. त्याच भरात त्यांनी अब्रिलला उचलून घेतलं.

अब्रिलने बाळ बघितलं. बाळ अब्रिलच्या तोंडात गेलं.

असा आरडाओरडा आमच्या किनाऱ्यावर वादळातही झाला नव्हता. रोसाउरा धावली. सासूबाई ओरडल्या, "काढ, काढ, अगं ते कुठून आलंय!" मी बोट घालून बाळ बाहेर काढलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वच्छ आहे! त्यांनी गिळलंच नव्हतं! मीच पावातून काढलं होतं, कापायच्या आधी!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे हा माणूस," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "आठवडाभर उगाच पपई खात होता?"

"काय म्हणतात त्या?" लॉर्न यांनी विचारलं. आता सगळंच सांगावं लागलं. बाळ, तमाले, साखर, पपई. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पपई चांगली होती."

सासूबाईंनी निकाल दिला. "पावातून बाळ ज्याच्या हाती आलं, तमाले त्याने घालायचे. सगळ्या गावाला."

"सगळ्या गावाला?"

"पपई सगळ्या गावाने दिली होती."

कॅन्डेलारियाला आमच्या अंगणात दोन पिंपं चुलीवर चढली. लॉर्न यांचा मुक्काम होताच. ते मक्याच्या पानांवर पीठ थापत बसले. पीठ किती पातळ? पान आतून की बाहेरून? आणि पिंपाच्या तळाशी पाण्यात नाणं कशाला? नाणं खुळखुळतंय तोवर पाणी आहे असं समजायचं, पण हे सांगायला सासूबाई थांबल्याच नाहीत. त्या सारखं पाणी घालत होत्या. लॉर्न कान देऊन ऐकत राहिले. "सुरेख वाजतंय," म्हणाले. समुद्रावर त्या दिवशी वर्षातला सगळ्यात मोठा वारा होता. त्यांनी दोनदा तिकडे बघितलं आणि पुन्हा पीठ थापू लागले. "वारा उद्याही असेल."

"त्याची हमी देता येत नाही," मी म्हटलं.

परत जाऊन त्यांनी मित्रांना काय लिहिलं कोण जाणे. पण महिन्याभरात लोकांच्या विचारणा आल्या, आणि वाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द विचारेना. सगळ्यांचा एकच प्रश्न, खोलीबरोबर पपई मिळते ती रोज का? खोली यंदा मार्चपर्यंत भरलेली आहे. बॅग पुन्हा माळ्यावर गेली. चेमा घरीच असतो आणि पपया कापतो.

जाताना सासूबाईंनी ते बाळ लॉर्न यांनाच दिलं. "आता पुढच्या वर्षीचे तमाले तुझ्याकडे," म्हणाल्या, थट्टेने. माझीच चूक, मी थट्टा आहे हे भाषांतरात सांगितलं नाही.

आज दोन फेब्रुवारी. गुडघ्यामुळे लॉर्न यंदा आले नाहीत, पण गिमलीतले सगळे शेजारी त्यांनी जेवायला बोलावले आहेत. सकाळपासून निरोप येताहेत. मक्याची पानं मिळाली नाहीत, केक भाजायचा कागद चालेल का? पिंप नाही, मोठी किटली चालेल का? मग, "नाणं टाकलं आहे. सुरेख वाजतंय." आणि मघाशी शेवटचा, "नाणं वाजायचं थांबलं. म्हणजे तमाले झाले ना?"

मी चार वेळा लिहिलं, पाणी संपलंय, पाणी घाला. फोनही केला. उत्तर नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणी गिमलीत असेल, तर कृपा करून त्यांच्याकडे डोकावून या म्हणावं. तळ्याकाठचं घर आहे, खिडकीत प्लास्टिकचं बाळ टांगलेलं. गॅस बंद आहे का बघा आणि मला कळवा. जाताना पाणी न्या. पपई नको.