मांजराचा दुसरा डोळा

या, असे जवळ सरकून बसा. देव माणसाचा ताठा किती हलक्या हाताने उतरवतो, त्याची एक गोष्ट ऐकवायची आहे.

साल एकोणीसशे चोपन्न, गाव पॅरिस. खडे जडवण्यात ल्युसियाँ उस्तादांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकतीस वर्षांत त्यांच्याकडून एकही खडा हरवला नव्हता. म्हणून तर सोनारांचे संत एलोआ यांच्या सणाला चर्चमध्ये पताका धरायचा मान त्यांचा. सण आजच होता, आणि दुपारी सोन्याच्या मांजराचा ब्रोच पुरा करताना दुसऱ्या डोळ्याचा पाचू नाहीसा झाला.

"खडा," उस्ताद म्हणाले.

कारखाना जागच्या जागी थांबला. नियम त्यांचाच: खडा पडला की कुणी पाऊल हलवायचं नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

"ओदेत, केस सोड." झिलई करणाऱ्या ओदेतचे केस नेहमीच आधी तपासले जात. अकरा वर्षं. तिने मुकाट्याने केस सोडले. काही निघालं नाही. मग सगळ्यांचे बूट पालथे झाले.

तेवढ्यात ब्रोच न्यायला व्हाल्ब्रँबाई दारात आल्या.

"बाईसाहेब, तिथंच थांबा. पाय वर करा."

"कुठला?"

"आधी डावा."

बाई दाराला धरून एका पायावर उभ्या राहिल्या आणि उस्ताद गुडघे टेकून त्यांचा तळवा न्याहाळू लागले. बाईंची नजर मेजावरच्या एकडोळ्या मांजरावर गेली.

"अगंबाई, हे तर डोळा मारतंय. असंच राहू द्या की, सोन्याची पापणी लावून."

सुटका समोर उभी होती. उस्ताद उठले, गुडघे झटकले.

"पापणी लावतो. पण खरं सांगतो, माझ्या हातून खडा हरवलाय. आज पताका मी धरणार नाही." मग ते वळले. "ओदेत, तू तरी काही बोल ना."

"विचारलंत म्हणून सांगते, उस्ताद. खडे उचलायची मेणाची कांडी तुमच्या कानामागे आहे. पाचू तिच्याच टोकाला चिकटलाय."

"केव्हापासून दिसतोय तुला?"

"केस सोडले तेव्हापासून. नियम तुमचाच."

बाईंनी अजून पाय खाली टेकला नव्हता. उस्ताद कानापर्यंत लाल झाले आणि मग पोट धरून हसले. "आज पताका तू धर, ओदेत."

संध्याकाळी पहिल्या बाकावर व्हाल्ब्रँबाईंच्या छातीवरचं मांजर डोळा मारत होतं. समोर ताठ मानेने पताका धरून ओदेत उभी होती, केस मोकळे सोडून. मागे मेणबत्ती घेतलेले उस्ताद शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होते, "आमच्या कारखान्यातली आहे."

देवापुढे दिवा लावताना मनात ताठा आलाच, तर त्या ओदेतची आठवण ठेवा.