सगुणा साळुंकीचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, गोचिडींना काही तोटा नव्हता. त्यामुळे सगुणा साळुंकी फार सुखात होती.

ती दिवसभर भागा रानम्हशीच्या पाठीवर बसायची. गोचीड दिसली की टिपायची आणि गट्ट करायची. भागाची खाज जायची, सगुणाचं पोट भरायचं. मधूनमधून दोघी मिळून साऱ्या जंगलाची उणीदुणी काढायच्या. एकमेकींचे आभार मानायचं कधी कुणाला सुचलं नाही.

मग एके वर्षी वडाखाली व्याख्यानमाला भरली. वक्ते होते अजगरराव. त्यांनी नुकतंच एक अख्खं चितळ गिळलं होतं, त्यामुळे हलायचा प्रश्नच नव्हता. पोट असं गच्च भरलं की त्यागावर फार सुंदर बोलता येतं, हे तुम्ही मोठे झालात की बघालच.

"सगुणाताई," अजगरराव भर सभेत म्हणाले, "आपण भागाबाईंची सेवा करता. छान. पण त्या गोचिडी आपण खाता म्हणे?"

"खाते की," सगुणा म्हणाली. "ताज्या असतात."

सभेत कुजबुज झाली. एका सशाने तर डोळेच मिटून घेतले.

"अरेरे," अजगरराव हळहळले. "म्हणजे ही सेवा नव्हे. हे जेवण झालं."

सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सेवा करायची ती निव्वळ, असं तिने मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती गोचीड टिपायची आणि खाली गवतावर अलगद ठेवायची. "सांभाळून जा," असंही म्हणायची. गोचीड जरा पाय मोकळे करायची आणि भागाच्या पायावरून पुन्हा वर चढायची.

"सगुणे, खाजतंय गं," भागा म्हणाली.

"मी निःस्वार्थी झालेय, भागाक्का. थोडं सोस."

"झालीस ते ठीक. पण ही आत्ता चढली ती सकाळचीच आहे. मी ओळखते तिला."

त्याच त्या गोचिडी दिवसभर उतरवायच्या, म्हणजे दुसरं काही खायला सगुणाला सवड कुठली? ती वाळत चालली. जंगल मात्र भारावून गेलं. जो तो लांबून नमस्कार करायचा. तिच्या त्यागाला बट्टा लागू नये म्हणून कुणी तिला एक बोरसुद्धा दिलं नाही.

शेवटी तिचा जाहीर सत्कार ठरला. अध्यक्ष अर्थातच अजगरराव. एव्हाना चितळ जिरलं होतं.

सगुणाला उडवत नव्हतं. खारींनी तिला धरून व्यासपीठावर आणलं.

"शाल काही मिळाली नाही," अजगरराव म्हणाले, "तेव्हा मीच लपेटतो." त्यांनी सगुणाभोवती प्रेमाने वेढा घातला. टाळ्या पडल्या.

"सगुणाताई, त्यागाची आता एकच पायरी उरली. समजा, आपल्यासमोर कुणी भुकेलं आहे."

"कोण?" सगुणाने कसंबसं विचारलं.

"मी."

सगुणाला जगायचं होतं, फार जगायचं होतं. पण या घटकेला तसं बोलणं स्वार्थी दिसलं असतं. तिने आशेने सभेकडे पाहिलं. सभा गहिवरली होती. "धन्य, धन्य," म्हणत ससा डोळे पुसत होता.

इतक्यात मागे धाडधाड आवाज झाला. वाटेतल्या प्रत्येक झाडाला पाठ घासत भागा येत होती. ती थेट व्यासपीठावर चढली आणि अजगररावांच्या शेपटीवर पाय देऊन उभी राहिली.

"सोडा तिला."

"भागाबाई," अजगरराव कळवळले, "हे आपण कुठल्या उदात्त हेतूने..."

"पाठ खाजतेय," भागा म्हणाली आणि तिने दुसराही पाय ठेवला.

वेढा सुटला. सभेने नाकं मुरडली. "इतक्या सुंदर कार्यक्रमाचा विचका केला," ससा म्हणाला. "स्वतःच्या पाठीसाठी!"

भागाने मान खाली घातली. सगुणा शिंगाला धरून तिच्या पाठीवर चढली. तिथे ती ओळखीची गोचीड बसलेलीच होती. सगुणाने एकदा सभेकडे पाहिलं आणि ती गट्ट केली.

"हां, तिथेच," भागा म्हणाली. "आता जरा डावीकडे."

सगुणाला आनंदाने रडू येत होतं, पण तोंड भरलेलं होतं.

तात्पर्य : त्यागी जिवाला टाळ्या वाजवायला सारं जंगल येतं, सोडवायला मात्र ज्याची पाठ खाजते तोच येतो. म्हणून बाळांनो, सोबती निवडताना त्याचं अंतःकरण तपासत बसू नका. पाठ बघा.