टाकीमागचा बाक

मंगळवारी सकाळी साडेदहाला रीडिंगवाले दाढ काढून घरी आले, तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता, तोंडात कापसाचा बोळा होता आणि दारात सून उभी होती.

"बाबा, या आठवड्याचं ठिकाण?"

रीडिंगवाल्यांनी गालाकडे बोट दाखवलं.

"बोलू नका. लिहून द्या नुसतं. बाराला मजकूर द्यायचाय."

सून एका वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत 'बाहेर पडा' नावाचं सदर लिहायची. आपल्याच शहरातली, पण आपण कधी न पाहिलेली ठिकाणं लोकांना सांगायची, असा त्याचा बेत. ती स्वतः फारशी बाहेर पडत नाही, तेव्हा तिची नजर ताजी असेल, अशा हिशेबानं संपादकांनी हे काम तिच्याकडे दिलं होतं. ताजी नजर पहिल्याच आठवड्यात संपली. मग तिला सासरे आठवले.

रीडिंगवाले पाणीखात्यातून अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण गल्ली त्यांना अजून त्याच नावानं ओळखत होती. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन नळाच्या मीटरवरचे आकडे वहीत उतरवले. आता मीटर काही दिवाणखान्यात बसवत नाहीत. तो जिन्याखाली असतो, परसात असतो, कोंबड्यांच्या खुराड्यामागे असतो. त्यामुळे शहराचा दर्शनी भाग त्यांनी फारसा पाहिला नव्हता, पण मागची बाजू त्यांना तोंडपाठ होती. दोन गल्ल्यांना जोडणारा एकशे बारा पायऱ्यांचा जिना त्यांनीच सुनेला सांगितला. चाळीस घड्याळं चाळीस वेळा दाखवतात आणि मालक मात्र उन्हाकडे बघून वेळ सांगतो, ते दुरुस्तीचं दुकानही त्यांनीच सुचवलेलं. नऊ आठवडे नऊ ठिकाणं त्यांनी दिली. सदराला वाचक मिळाले, सुनेला पगारवाढीची आशा मिळाली आणि रीडिंगवाल्यांना, कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, हे सुख मिळालं.

चौतीस वर्षांत एकच दार त्यांना उघडलं गेलं नाही. शहराच्या पार दुसऱ्या बाजूच्या एका गल्लीच्या टोकाचं पिवळं दार. ठोठावलं की आतून खर्जातला आवाज यायचा, "घरात कुणी नाही." रीडिंगवाले नियमाचे पक्के. घरात कुणी नाही म्हटल्यावर 'घर बंद' असा शेरा लिहून ते पुढे जायचे. एकदा मात्र राहवलं नाही म्हणून त्यांनी विचारलं होतं, "मग बोलतंय कोण?" आत बराच वेळ विचार झाला आणि उत्तर आलं, "कुणी नाही." असं नऊ वर्षं चाललं. हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगून झाला होता की हल्ली त्यातला आवाज बायकोच काढायची.

नोकरी सुटली, पण वही सुटली नाही. खिशात छोटी डायरी, त्यात तीन रकाने: ठिकाण, वेळ, शेरा. त्या मंगळवारी बोळ्याच्या त्रासानं वैतागून त्यांनी डायरी सुनेच्या हातात ठेवली, 'काय हवं ते बघ' अशी खूण केली आणि ते आडवे झाले. चौतीस वर्षं ज्या माणसानं आपली वही साहेबांनाही सहजासहजी दिली नव्हती, त्यानं ती पत्रकाराला दिली. भुलीचं औषध जबड्याच्या बरंच वर चढलं असावं.

सुनेनं डायरी उघडली. पहिल्या पानावर होतं: 'टाकीमागे. ४.१०. आवाज शून्य. कानटोपी हजर.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मधल्या एका पानावर 'कानटोपी सात मिनिटं उशिरा' अशी खळबळजनक नोंद होती, मग पुन्हा तेच. तिनं कपाटातल्या जुन्या डायऱ्या काढल्या. अकरा वर्षं, दररोज, टाकीमागे. सगळ्यांत जुन्या डायरीतली पहिली नोंद तेवढी लांब होती: 'कानटोपीवाले एक गृहस्थ, आपल्याच वयाचे. सहापर्यंत दोघंही गप्प.'

घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की बाबा चार वाजता वाचनालयात जातात.

सून पाण्याच्या जुन्या टाकीपाशी जाऊन आली आणि साडेअकराला लिहायला बसली.

शनिवारी रीडिंगवाल्यांचा गाल उतरला होता. नेहमीप्रमाणे चारला ते निघाले. टाकीला वळसा घातला की एक जुना लाकडी बाक लागायचा. समोर उतार, उताराखाली छपरं, छपरांपलीकडे नदीचं एक वळण. बाकाच्या डाव्या टोकाला ते बसत, उजव्या टोकाला एक गृहस्थ. बारा महिने कानटोपी घातलेला, त्यांच्याच वयाचा हा माणूस पहिल्या दिवशी आधीपासून तिथे बसलेला होता. त्यानं मान किंचित हलवली होती, यांनीही हलवली होती. त्यानंतर अकरा वर्षांत दोघं एक अक्षर बोलले नव्हते. आधी ओळख नाही म्हणून बोलले नाहीत, मग आता इतक्या दिवसांनी काय बोलायचं म्हणून बोलले नाहीत, आणि पुढे पुढे न बोलणं इतकं मुरलं की त्यात शब्द टाकणं म्हणजे झोपलेल्या मांजरावर पाणी टाकण्यासारखं झालं असतं. दिवसभर घरात तीन माणसं आणि एक दूरदर्शन संच अखंड बोलत असायचे. या दोन तासांवर रीडिंगवाल्यांचे उरलेले बावीस तास उभे होते.

त्या शनिवारी बाकाभोवती सदतीस माणसं होती. त्यांनी सवयीनं मोजली.

एका बाईंच्या हातात पुरवणी होती. त्या मोठ्यानं वाचत होत्या, "'रोज चार वाजून दहा मिनिटांनी इथे दोन वयस्कर गृहस्थ येतात आणि सहा वाजेपर्यंत एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. चुकवू नये असं दृश्य.'" त्यांनी मान वर केली. "अहो काका, ते न बोलणारे तुम्हीच का?"

रीडिंगवाले बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसले. ते गप्प राहिले. गर्दी खूश झाली.

"दुसरे कधी येतात?"

दुसरे त्याच वेळी टाकीच्या कोपऱ्यावर आले होते. कानटोपीवाल्यांनी गर्दी पाहिली, गर्दीच्या मधोमध बसलेले रीडिंगवाले पाहिले आणि ते आल्या पावली वळले. दोन-तीन माणसं मागून धावली. "काका, थोडं बसा ना. आम्ही लांबून आलोय." पण कानटोपी एव्हाना उतारावरून दिसेनाशी झाली होती.

पुढच्या दोन दिवसांत परिस्थिती सुधारत गेली, म्हणजे बिघडत गेली. कुणीतरी उत्साहानं बाकाला हिरवा रंग दिला. फुगेवाला आला. कुणी 'येथे शांतता पाळा' अशी पाटी लावली आणि येणारा प्रत्येक जण ती मोठ्यानं वाचू लागला. डायरीत शेरा पडू लागला: 'आवाज मोजण्यापलीकडे. कानटोपी गैरहजर.'

तिसऱ्या गैरहजेरीनंतर, सोमवारी रात्री, रीडिंगवाले जेवताना म्हणाले, "त्यांना शोधायला हवं."

"शोधा की," बायको म्हणाली. वाचनालयाचं प्रकरण तिनं अजून पूर्ण माफ केलं नव्हतं. "नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही."

"राहतात कुठं?"

"माहीत नाही."

"अकरा वर्षं तुम्ही दोघं बोलत काय होतात?"

"बोलत नव्हतो."

बायकोनं त्यांच्या ताटात कालच्यासारखीच उरलेली अर्धी पोळी पाहिली. "माझ्याशीही तुम्ही बोलत नाही. पण मी हरवले तर असे अर्धपोटी उठाल का, कोण जाणे."

रीडिंगवाल्यांनी हातातला घास खाली ठेवला. याचं उत्तर 'उठेन' असं होतं, पण ते सांगायला जो वेळ लागला, तेवढ्यात ती पाणी आणायला उठून गेली.

सून आधीच रडकुंडीला आली होती. "बाबा, मला वाटलं तुम्हांला आवडेल. सगळ्यांत सुंदर ठिकाण तुम्ही सगळ्यांत शेवटी ठेवलंत, असं वाटलं मला."

"ठिकाण बंद झालं म्हणून छापता येईल का?"

"खोटं कसं छापणार? पण दुसरं ठिकाण छापलं तर लोक तिकडे जातील. एका वेळी एकाच जागेवर जीव लावतात ते."

"मग असं ठिकाण देतो," रीडिंगवाले म्हणाले, "की तिथून पुढे ते कुठंच जायचे नाहीत."

आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत रटाळ जागा त्यांनी रात्रभर आठवली आणि पहाटे त्यांना ती सापडली. पाणीखात्याची इमारत, तिसरा मजला, तक्रारदारांची बसण्याची खोली. सात बाकडी. खिडकी, आणि खिडकीबाहेर भिंत. दर तिसऱ्या फेऱ्याला कुरकुरणारा पंखा. अकराला वीस कमी असताना बंद पडलेलं घड्याळ. तीन वाजल्यानंतर तिथे कुणी फिरकत नाही, कारण तक्रार ऐकून घेणारा कारकून अडीचलाच उठतो. हे सगळं त्यांनी खात्यात अहवाल देत तसं, कोरडं ठाक सांगितलं. सुनेनं एक शब्द बदलला नाही. वर फक्त मथळा दिला: 'शहरातली सगळ्यांत निवांत खोली'.

शनिवारी खातं बंद असतं, म्हणून लोक सोमवारी गेले. सात बाकडी भरली, जिन्यात रांग लागली. पंखा तिसऱ्या फेऱ्याला कुरकुरला की माणसं एकमेकांकडे पाहून माना डोलवू लागली. रिकाम्या हातानं कसं बसायचं, म्हणून काही भिडस्त लोकांनी तक्रारी लिहून दिल्या. एवढ्या लोकांदेखत उठून जाणं कारकुनाला जमेना, त्यामुळे तो बसला, आणि बसलाच आहे म्हणून त्यानं त्या तक्रारी निकालात काढल्या. शहरातल्या चार गल्ल्यांना त्या आठवड्यात दिवसातून दोन वेळा पाणी आलं.

टाकीमागे मात्र कुणी उरलं नाही. फुगेवालाही तिसऱ्या मजल्याकडे गेला होता.

सोमवारी रीडिंगवाले हिरव्या बाकाच्या डाव्या टोकाला एकटेच बसले. मंगळवारीही. शांतता पूर्वीसारखीच होती, नदीचं वळण जागच्या जागी होतं, पण त्यांच्या लक्षात आलं की एकट्यानं गप्प बसण्यात काही राम नाही. ते नुसतं बसणं होतं. गप्प बसायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं. त्यांनी डायरी उघडली आणि 'आवाज शून्य' लिहायला घेतलेलं पेन तसंच खिशाला लावलं.

बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी टाकीच्या कोपऱ्यावर कानटोपी दिसली.

गृहस्थ आले, उजव्या टोकाला बसले, हिरवा रंग नखानं थोडा खरवडून पाहिला. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं.

"तिथंही आले हो."

"कुठं?" रीडिंगवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"पाणीखात्यात. तिसऱ्या मजल्यावर. इथं गर्दी झाल्यावर फार शोधून काढली होती ती जागा. छान पंखा होता. खिडकीतून काही दिसायचं नाही. चार दिवस सुखात काढले." कानटोपीवाल्यांनी सुस्कारा सोडला. "कोण लिहितं हो हे असलं?"

"कोण जाणे," रीडिंगवाले म्हणाले आणि नदीकडे बघू लागले.

अकरा वर्षांच्या सोबतीत पहिल्यांदा बोलले आणि खोटं बोलले, याची त्यांना लाज वाटली. पण ती लाज नीट वाटून घ्यायलाही त्यांना फुरसत मिळाली नाही. त्यांच्या कानात तो आवाज घुमत होता. हा खर्ज त्यांनी ऐकला होता. एकदा नव्हे, नऊ वर्षं ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी मध्ये एक पिवळं दार होतं.

मग त्यांनी हात पुढे केला आणि बाकाच्या लाकडावर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं. जसं दार वाजवायचे, तसंच. टक, टक.

कानटोपीवाले ताठ झाले. खाली छपरांवरून कबुतरांचा एक थवा गेला, परत आला.

"आहे," ते शेवटी हळूच म्हणाले. "आज आहे."

"पहिल्या दिवशीच ओळखलं होतंत मला?"

"दाराच्या भोकातून नऊ वर्षं बघत होतो की. तुम्ही इथं येऊन बसलात तेव्हा वाटलं, आता हे रीडिंग घेतल्याशिवाय उठत नाहीत. तोंड उघडलं असतं तर आवाजावरून सापडलो असतो. म्हणून गप्प बसलो."

"अकरा वर्षं?"

"पहिले सहा महिने भीतीनं," कानटोपीवाले म्हणाले. "नंतर बरं वाटायला लागलं. माझ्या दारात जो आला तो काहीतरी विचारायलाच आला, बघा. न विचारता शेजारी बसणारे तुम्ही एकटे."

अकरा वर्षं आपण ज्याला मैत्री समजत होतो, त्यातले पहिले सहा महिने समोरचा माणूस फक्त घाबरलेला होता, हे रीडिंगवाल्यांनी मनाशी नोंदवलं. उरलेली साडेदहा वर्षं मोजली. काही कमी नव्हती. मग त्यांनी घसा साफ केला.

"ते लिहिणारी माझी सून आहे. तिसरा मजला मी सांगितला."

कानटोपीवाल्यांनी त्यांच्याकडे सावकाश मान वळवली. "आणि पुढच्या शनिवारी काय छापून येणार आहे?"

"तुमचं घर सोडून काहीही."

कानटोपीवाले हसले असावेत. टोपीमुळे नक्की कळलं नाही. त्यानंतर सहा वाजेपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत.

रीडिंगवाले घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. ते तिच्यासमोर बसले. काही विचारलं नाही, काही मागितलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी ओट्याच्या कडेवर दोनदा टकटक केलं. तिनं मान वर करून पाहिलं, अर्धी जुडी त्यांच्यापुढे सरकवली आणि खर्ज लावून म्हणाली, "घरात कुणी नाही."

ते भाजी निवडू लागले. रात्री डायरीत त्या दिवशीचा शेरा असा होता: 'टाकीमागे. ४.१०. कानटोपी हजर. घर उघडं.' आणि खाली, नवीन ओळीवर: 'स्वयंपाकघर. ६.४०. हेही.'