जबाबदार : रमाकांत पाठक

"टाकळवाड्याच्या भिंतीवर नाव लागल्याशिवाय रिटायर झालो, तर नावाचा रमाकांत पाठक नाही!"

बडे बाबूंनी, म्हणजे नगरपंचायतीच्या हेडक्लार्कनी, ही प्रतिज्ञा केली तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात अंगठा तुटलेली चप्पल. ऐकायला घरात फक्त त्यांच्या पत्नी शारदाबाई होत्या, आणि त्या मेथी निवडत होत्या.

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "पन पहिले ते चप्पल शिवून आना."

बाबूंचं दुःख खरं होतं. टाकळवाडा नगरपंचायतीत कामांचा दुष्काळ असेल, पण कोनशिलांचा नाही. मुतारीच्या उद्घाटनाचा दगड तर मुतारीपेक्षा उंच आहे! त्यावर नगराध्यक्ष आहेत, त्यांचा मेव्हणा आहे, मेव्हण्याचा मित्रसुद्धा आहे. या सगळ्या दगडांचा मजकूर बडे बाबूंनी लिहिलेला, आणि त्यांचं स्वतःचं नाव मात्र एकाही दगडावर नाही. तळाशी 'व समस्त कर्मचारीवृंद' असं एक शेपूट असे, त्यात काय ते बाबू!

आता खरं सांगायचं तर गावानं त्यांचं नाव लक्षात ठेवावं असं त्यांनीही काही केलं नव्हतं. खिडकीशी कोणी अर्ज घेऊन आलं की बाबू चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "दोन फोटो कमी आहेत. उद्या या." माणसानं चार फोटो लावले तरी दोन कमीच!

अशात जिल्ह्याहून फर्मान आलं, नागरिकांची सनद अद्ययावत करा. सनद म्हणजे कोणतं काम किती दिवसांत होणार आणि ते कोण करणार, याची कार्यालयानं जनतेला दिलेली कबुली. टाकळवाड्याची जुनी सनद ग्रामपंचायतीच्या काळातली. तीत सायकलच्या कराचा बिल्ला मिळण्याची सोय होती, आणि पाण्याच्या तक्रारी ज्यांच्याकडे करायच्या ते गृहस्थ केव्हाच वारले होते. तरी कोणाचं काही अडलं नव्हतं, कारण ते हयात असतानाही पाणी येत नव्हतंच.

नवी सनद बसस्टँडसमोरच्या भिंतीवर रंगवायची ठरली. नगराध्यक्ष गजेंद्रभाऊंनी बैठक बोलावली. मुख्याधिकाऱ्यांकडे दोन गावांचा चार्ज होता, त्यामुळे ते नेहमी दुसऱ्या गावात असत.

वरच्या पट्टीवर कोणाचं नाव यावर दोन तास जुंपली. 'शुभहस्ते' गजेंद्रभाऊ. 'संकल्पना' गजेंद्रभाऊंचा मेव्हणा. 'मार्गदर्शक', 'प्रेरणास्थान', 'विशेष सहकार्य' असं करत करत अर्धी भिंत संपली. मग बाबूंनी पुढचा रकाना वाचला, "जबाबदार अधिकारी."

अन् काय सांगू, सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला!

"मी तं प्रभारी हाये," पाणीपुरवठावाला म्हणाला.

"माह्या बदलीचं चालू हाये," आरोग्यवाला म्हणाला.

"माह्यी कंबर दुखून राह्यली," लाईटवाला म्हणाला. कंबरेचा इथे काय संबंध, हे कोणीही विचारलं नाही.

गजेंद्रभाऊंनी घड्याळ पाहिलं. "बडे बाबू, तूर्तास समदीकडे तुमचंच नाव टाका. मंग पाहू."

तूर्तास! सरकारी कार्यालयात तूर्तास झालेली गोष्ट माणसाला पुरून उरते, हे बाबूंइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्या क्षणी त्यांना काही ऐकूच आलं नाही. भिंत! बसस्टँडसमोर! ओळीमागून ओळ रमाकांत पाठक! अपिलाच्या रकान्यातही त्यांनी आपलंच नाव घातलं, कारण 'अपिलीय प्राधिकारी' हे शब्द त्यांना फार भारदस्त वाटत. आपल्या नावाशेजारी पंधरा दिवसांची मुदत मेंगळट दिसते म्हणून तिथे 'तीन दिवस' केलं, आणि जिथे फारच उमाळा आला तिथे 'तात्काळ'.

पुंजाजी पेंटरनं शिडीवरून विचारलं, "बाबू, बाजूले जागा उरून राह्यली. मोबाईल नंबर टाकू का?"

"टाक! लाल रंगात टाक! अन् रंग असा वापर, जन्मभर टिकला पाहिजे!"

संध्याकाळी बाबू शारदाबाईंना भिंत दाखवायला घेऊन गेले. शारदाबाईंनी पदर सावरून पहिली ओळ मोठ्यानं वाचली. "तुंबलेल्या गटारी, तात्काळ, रमाकांत पाठक." मग दुसरी. "मोकाट जनावरं, तात्काळ, रमाकांत पाठक." त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे नाव लागलं का नावाचं वॉरंट निघालं?"

उजाडलं नाही तोच फोन वाजला. पलीकडे कोकिळाबाई होत्या. खिडकीशी फोटो देऊन देऊन ज्यांचा अल्बम रिकामा झाला, त्यातल्याच एक.

"बाबू, नळाले पानी नाही."

"बाई, पाणी माझ्याकडे नाही."

"माह्याकडेबी नाही, म्हनून तं फोन केला! भिंतीवर तुमचंच नाव हाये ना?"

"ते तूर्तास आहे हो!"

"मंग तूर्तास पानी सोडा!"

चहा होईपर्यंत अर्ध्या गावाचे फोन आले. कोणी खांबावरचा गेलेला बल्ब काढून ओट्यावर आणून ठेवला. मागच्या गल्लीतल्या बायकांनी गटारीचा गाळ घमेल्यात भरून आणला, 'नमुना' म्हणून. आणि दुपारी भाजीवाला कडूबा आला. कडूबाच्या हातात दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला गावभर भाजीवाल्यांना छळणारा मोकाट वळू.

"हा कुठं आणला बे?" बाबू ओरडले.

"जबाबदार मानसाकडे," कडूबा शांतपणे म्हणाला.

"कोंडवाड्यात ने त्याले!"

"कोंडवाड्याच्या जागी तं भाऊच्या मेव्हन्याचं जिम हाये. तिथं घेत नाही त्याले." असं म्हणून कडूबानं वळू फाटकाला बांधला, पावती मागितली आणि पावती मिळेना तेव्हा वळूसोबत फोटो काढून गेला. वळूनं तोवर शारदाबाईंचा कढीपत्ता बुंध्यापर्यंत संपवला होता.

इकडे कार्यालयात आनंदीआनंद होता! पाणीपुरवठावाला टेबलावर पाय टाकून पेपर वाचत होता. लाईटवाल्याची कंबर बरी झाली होती. कोणी काही विचारलं की सगळे एकसुरात म्हणत, "भिंत पाहा." गजेंद्रभाऊंना तर भर सभेत कोणीतरी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल विचारलं, तर ते छाती फुगवून म्हणाले, "जबाबदार कोन, हे आपन नावानिशी, नंबरानिशी भिंतीवर लिहून देल्लं! एवढी पारदर्शकता कुठं पाह्यली?" टाळ्या पडल्या! खड्डे होते तिथेच राहिले.

तिसऱ्या दिवशी शारदाबाईंनी फाटकातच हात आडवा धरला. वळू त्यांच्या शेजारी रवंथ करत उभा होता.

"आज नाव पुसून आल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही. याले खाऊ घालू, का तुमाले?"

बाबू धावत पुंजाजीकडे गेले. "पुसतो ना," पुंजाजी म्हणाला, "पन सरकारी भिंत हाये. लेखी आदेश पायजे."

बाबू धावत गजेंद्रभाऊंकडे गेले. भाऊंनी त्यांना प्रेमानं बसवून पाणी पाजलं. "ठराव झाला ना बाबू. आता मी काय करू? सनदीत दुरुस्ती कशी करायची हे सनदीतच लिहेल हाये. तुम्हीच लिहेल हाये."

लिहिलं होतं! भिंतीच्या अगदी तळाशी, सुबक अक्षरात : 'सनदेत दुरुस्ती. लेखी अर्ज करावा. जबाबदार अधिकारी, रमाकांत पाठक. अपील, रमाकांत पाठक.'

बाबू कार्यालयात आले. खिडकीबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी अर्ज लिहिला, 'अर्जदार अत्यंत त्रस्त असून' वगैरे, आणि तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला. मग दारानं आत जाऊन आपल्या खुर्चीत बसले, खिडकीतून हात बाहेर काढून तो अर्ज आत ओढला, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला लागले. तीस वर्षांची नोकरी होती. हात आपोआप चालत होते.

दिवेलागणीला ते घरी परतले. शारदाबाई फाटकात उभ्या होत्या. वळूही उभा होता. दोघांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं.

"काय झालं अर्जाचं?"

बाबूंनी मान खाली घातली.

"दोन फोटो कमी आहेत म्हणाले. उद्या बोलावलंय."